वंशावळीच्या सॉफ्टवेअरपायी गेलेले ३९,७७० रुपये

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची माहिती साठवण्यासाठी आणि कुलसंमेलनात पडद्यावर वंशवृक्ष दाखवण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये माझे ३९,७७० रुपये बुडाले: २४,७८० रुपये ‘आजीवन परवान्या’चे, ८,५०० रुपये माहिती भरून देण्याचे आणि ६,४९० रुपये ‘सर्व्हर नूतनीकरणा’चे. परवाना आजीवन असताना नूतनीकरण कसले, हे मी विचारले, तेव्हा परवाना आजीवन आहे, साठवणुकीची जागा नाही, असे उत्तर मिळाले. संमेलन तोंडावर आलेले आणि वंशावळीला कुलूप लागलेले, अशा अवस्थेत मी ती रक्कम भरली. त्यानंतर महिन्याभरात विकणाऱ्या कंपनीचे फोन बंद झाले आणि सॉफ्टवेअरही उघडेनासे झाले.

ज्या बैठकीतून मी तडक उठायला हवे होते, ती आठवली की आजही संताप होतो. प्रात्यक्षिकात दाखवलेल्या वंशवृक्षातली सगळी नावे रोमन लिपीत होती. एक नाव माझ्यादेखत देवनागरीत टाकून दाखवा, असे मी म्हटले, तर “काका, फॉन्टचं सेटिंग इन्स्टॉल करताना होतं, काळजी करू नका,” म्हणून कंपनीचा तरुण विक्रेता पुढे सरकला. पैसे भरायला क्यूआर कोड स्कॅन केला, तेव्हा मोबाइलवर कंपनीऐवजी कोणा व्यक्तीचे नाव आले. कंपनीचे चालू खाते अजून उघडायचे आहे, असा खुलासा झाला. बिलात मात्र १८ टक्के दराने ३,७८० रुपये जीएसटी लावलेला होता आणि जीएसटी क्रमांकाचा पत्ता नव्हता. ज्या कंपनीचे खातेच नाही, ती हा कर कोणाच्या नावाने भरणार होती? पंधरा अंकाक्षरांचा तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट तपासता येतो. तो नसलेल्या बिलावर कराचा एक रुपयाही देऊ नका.

तरीही मी भोळेपणाने फसलो, असे कोणी म्हणू नये. आपल्याकडच्या वंशावळीत दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवावा लागतो, सुनेचे माहेरचे नाव आणि आडनाव वेगळे ठेवावे लागते, गोत्र व कुलदैवत नोंदवावे लागते, जुन्या कागदांतील शके १७४२ सारख्या नोंदीपुढे इसवी सन १८२० लिहावे लागते आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून आलेले नाव कोणते व जमिनीच्या फेरफार नोंदीतून आलेले कोणते, हेही टिपावे लागते. हे सारे त्या विक्रेत्याला तोंडपाठ होते. दत्तकाची रेघ तुटक हवी की सलग, असे जो आपण होऊन विचारतो, त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

खरी हानी पैशांच्या पुढची आहे. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाची पद्धत १९८४ पासून प्रचलित आहे. फोन बंद होण्यापूर्वी, मी फारच मागे लागल्यावर, त्यांनी त्या पद्धतीची फाइल पाठवली. ती नोटपॅडमध्ये उघडली, तर प्रत्येक ओळीच्या आरंभी अंक होता, जन्मतारखा जागच्या जागी होत्या. पण नावांच्या ओळीत, जिथे आडनाव दोन तिरप्या रेघांमध्ये असते तिथेही, नुसती प्रश्नचिन्हे होती. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे टिकवणाऱ्या पद्धतीत, न साठवल्यामुळे देवनागरी अक्षरे पुसली गेली आणि अशी अक्षरे त्या फाइलीतून परत मिळत नाहीत. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्याच घरातली चार नावे देवनागरीत भरून घ्या, फाइल बाहेर काढा आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. नुसती पीडीएफ मिळते, हे उत्तर ऐकून घेऊ नका. पीडीएफ म्हणजे वंशवृक्षाचे चित्र, त्यातून माहिती पुढे नेता येत नाही.

तक्रारीची कथा याहून संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात सांगितले, की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तूही मिळाली, तेव्हा हा व्यवहार दिवाणी स्वरूपाचा आहे. सायबर कक्षाकडे जा. सायबर कक्षात सांगितले, की ओटीपी चोरीला गेलेला नाही, तेव्हा ठाण्यातच जा. बँकेने व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला, असे एका ओळीत कळवून प्रकरण बंद केले. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचे, एवढे शोधण्याचे कष्ट कोणीही घेतले नाहीत आणि एका साहेबांनी तर ‘वंशावळ कागदावर का काढली नाही’ असे मलाच विचारले. कागदावरच होती, ती टिकावी म्हणूनच हा खटाटोप केला होता! खोटी कंपनी दाखवून व्यक्तीच्या खात्यात पैसे घेणे ही फसवणूक नसेल, तर फसवणूक कशाला म्हणायचे?

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. पैसे खात्यातून निघून जाण्याआधीचे पहिले काही तासच कामाचे असतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्या बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली आहे. पत्ता पैसे देण्याआधी पडताळा.

मी आता ग्रॅम्प्स हे मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यातली माहिती माझ्याच संगणकावर राहते. मूळ वह्या समोर ठेवून सगळी नावे पुन्हा भरत आहे. अशाच ‘आजीवन’ परवान्यावर कोणाची वंशावळ अजून उघडत असेल, तर त्यांनी ती आजच बाहेर काढून घ्यावी आणि नावे वाचता येतात का, ते आधी पाहावे.