परदेशात डॉक्टरांशी बोलायचं कसं: मुलगा, मोबाईल, दुभाषी की भाषा येणारा डॉक्टर?

साठी ओलांडलेले आई-वडील चार-सहा महिने मुलाकडे परदेशी राहायला जाणार असतील, तर तिथे डॉक्टरांशी बोलणं कसं होणार हे सोलापूर सोडण्याआधी ठरवून ठेवा. पर्याय पाच आहेत. एकच पर्याय सगळीकडे चालत नाही, म्हणून कुठला कधी धरायचा ते सांगतो.

आपल्याला या गोष्टीची पुरेशी काळजी वाटत नाही, कारण आपलं गावच अनेक भाषांचं. सिव्हिलच्या ओपीडीत पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका असतात, इंडी-आळंदकडून आलेले कन्नड शेतकरी असतात. नर्स, वॉर्डातले मामा, नाहीतर रांगेतलाच कुणीतरी मध्ये पडतो आणि निभावतं. म्युनिकच्या दवाखान्यात मराठी समजणारं असं कुणी शेजारी बसलेलं नसतं.

पहिला आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा पर्याय म्हणजे मुलगा, मुलगी किंवा सून. खर्च नाही, आई-वडिलांना धीर येतो, जुना आजार त्यांना ठाऊक असतो. सर्दी-खोकला, गुडघेदुखी, संपलेली बीपीची गोळी पुन्हा लिहून घेणं, एवढ्यासाठी हे उत्तम. पण लघवीचा त्रास वडील सुनेसमोर सांगत नाहीत. पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर अंगावरून रक्त गेलं तर आई ते मुलासमोर बोलत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट डॉक्टरांना ताबडतोब कळायला हवी. उलट बाजूनेही तेच होतं. डॉक्टर गाठीबद्दल शंका बोलून दाखवतात आणि मुलगा आईला सांगतो, ‘काही नाही, साधी तपासणी आहे.’ मायेपोटीच सांगतो, पण संमतीच्या कागदावर सही आईची असते. म्हणून ऑपरेशन, बायॉप्सी, बायकांचे आजार, मनाचे आजार, यांत मुलाने शेजारी बसावं, भाषांतर दुसऱ्याने करावं. नातवंडांना तर यात घालूच नये. अमेरिकेत तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषी करण्यावर नियमानेच बंधन आहे.

मोबाईलवरचं भाषांतर दवाखान्याच्या काउंटरवर, वेळ घेताना, औषधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचताना फार कामाला येतं. आपण बोलतो तसं ‘छातीत कसंतरी होतंय’ असं त्याला सांगू नका. छोटी वाक्यं करा: छातीत डावीकडे दुखतं. कालपासून दुखतं. जिना चढताना वाढतं. आलेलं भाषांतर उलटं मराठीत करून बघा. गोळी किती, कधी, आणि काय घ्यायचं नाही, हे मात्र केवळ मोबाईलच्या भरवशावर सोडू नका. ते डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या.

भाषा येणारा डॉक्टर मिळणं देशावर अवलंबून आहे. दुबईत हिंदी बोलणारे डॉक्टर सहज मिळतात, तिथे हा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. इंग्लंड-अमेरिकेत भारतीय वंशाचे डॉक्टर पुष्कळ आहेत. जर्मनीत डॉक्टोलिब या डॉक्टरांची वेळ घेण्याच्या अॅपवर डॉक्टरांना कुठली भाषा येते हे निवडता येतं. डॉक्टरांना इंग्रजी येत असलं तरी काउंटरवरच्या बाईंना येईलच असं नाही, हे लक्षात ठेवा. वडिलांना इंग्रजी येत असेल तर एवढं पुरतं. आईला मराठीच येत असेल तर अर्धंच काम होतं. आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि चिनी शिकले. पण तिकडच्या डॉक्टरांनी आपल्यासाठी मराठी शिकावं, अशी अपेक्षा आपण धरू शकत नाही.

राहिला प्रशिक्षित दुभाषी. माझ्या मते गंभीर दुखण्यात हाच पहिला पर्याय, आणि आपली माणसं हाच मागत नाहीत. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाला, म्हणजे बहुतेक सगळ्याच रुग्णालयांना, दुभाषी फुकट द्यावा लागतो. तो बहुधा फोनवर किंवा स्क्रीनवर असतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतही त्याचे पैसे पडत नाहीत. वेळ घेतानाच ‘मराठी’ सांगा. मराठी मिळाला नाही आणि आईला हिंदी चांगलं समजत असेल तर हिंदी मागा. जर्मनीत मात्र ही सोय सहसा स्वतःच्या खर्चाने करावी लागते, त्यामुळे तिथे ती मोठ्या निर्णयासाठी राखून ठेवा.

सोलापूरच्या आपल्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावणं हा पाचवा मार्ग. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात जर्मनीत दुपारचे साडेतीन असतात, म्हणजे वेळ जुळते. जुनी अँजिओप्लास्टी, आधी न सोसलेलं औषध, हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही. पण अमेरिका-जर्मनीतलं औषधाचं दुकान त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्या देत नाही. तेव्हा हा कॉल माहितीसाठी करा, उपचार तिथल्याच डॉक्टरांकडून घ्या.

या पाचांपैकी काहीही निवडलंत तरी एक कागद लागतोच, आणि तो इथेच तयार होतो. निघण्याच्या पंधरवडाभर आधी डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पान लिहून घ्या: आजार, झालेली ऑपरेशनं, कशाची अॅलर्जी, आणि प्रत्येक गोळीचं मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम, वेळ. कंपनीचं नाव तिकडे कुणी ओळखत नाही. पॅरासिटामॉललाही अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. आपल्याकडे दोन औषधं एकत्र असलेली गोळी सर्रास मिळते. ती तशी तिकडे न मिळाल्यास दोन्ही नावं सुटी लिहिलेली असावीत. आकडेही बदलतात. आपली १२६ शुगर इंग्लंडमध्ये ७ होते, कारण तिथलं माप वेगळं. १८ ने भागायचं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ७ टक्के असेल तर तिथे ५३ लिहितात. ताप १००.४ म्हणजे त्यांचा ३८. तारखेत महिना अक्षरात लिहा, नाहीतर ०३/०४ हे अमेरिकेत चार मार्च होतं.

गोळ्या मूळ पाकिटात, बिल आणि चिठ्ठीसकट न्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. जपानला डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एका महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. दुबईला ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं औषध न्यायचं तर तेच, मग ते खोकल्याचं का असेना.

विम्याबद्दल थोडक्यात: शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच, पण जुना आजार त्यात धरला आहे का ते वाचून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तातडीच्या वेळी मात्र हे काही बघत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी जर्मनीत ११२, अमेरिकेत ९११, इंग्लंडमध्ये ९९९, जपानमध्ये ११९, दुबईत ९९८. मुलगा-सून दिवसभर कामावर असतात, म्हणून हा क्रमांक आणि घराचा पत्ता आई-वडिलांना न अडखळता सांगता येईपर्यंत पहिल्याच आठवड्यात म्हणवून घ्या.