पोटमाळ्यावरची खोली आणि पीआयआर बोर्ड

आमच्या रत्नागिरीकडील कौलारू घराच्या पोटमाळ्याची अभ्यासाची खोली करताना खरी अडचण उंचीची होती. आढ्याखाली जेमतेम सात फूट आणि भिंतीकडे तर मान वाकवूनच बसावे लागते. वासे चार इंच खोल असल्याने, कौलांखाली हवा खेळती राहण्यासाठी दोन इंच मोकळे सोडून उरलेल्या दोन इंचांत दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख असलेले ५० मिलिमीटर जाडीचे पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट या कडक, उष्णतारोधक फोमचे) बोर्ड बसवले. ग्लासवूलने (काचेच्या तंतूंच्या लोकरीने) एवढाच उष्णतारोध मिळवायचा तर सुमारे ८० मिलिमीटर जाडी लागली असती आणि हवेची वाट जवळजवळ बुजली असती.

बोर्ड उत्तम आहेत, बसवणाऱ्याबद्दल मात्र तसे म्हणवत नाही. आमचे जुने वासे सरळ नाहीत, हे पाहूनही त्याने सगळे तुकडे एकाच मापाने कापले, त्यामुळे कडेला बोटभर फटी राहिल्या आणि दुपारी तिथे हात धरला की गरम झोत स्पष्ट जाणवे. फटींत फोम भरून वरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून घेतल्यावर एप्रिलच्या दुपारीही पंख्याखाली लिहिता येते, जे पूर्वी अशक्यच होते.

पावसाचा आवाज मात्र फारसा घटला नाही, कारण हा हलका फोम ध्वनी अडवत नाही. त्या बाबतीत ग्लासवूल सरस. शिवाय बोर्ड उघडे ठेवू नयेत, आगीच्या दृष्टीने खालून जिप्समचे आच्छादन हवेच, आणि त्यात आणखी अर्धा इंच उंची जाते.