म्युनिकला नऊच्या आत उतरलात तर

कोल्हापूरला नोकरी आणि सांगलीला घर, असा माझा पासावरचा संसार बरीच वर्षं चालला. तिकिटाच्या रांगेतल्या लोकांकडे बघत सरळ फलाटावर जाण्यात काय सुख असतं ते पासवाल्यालाच कळतं. त्यामुळे मुलगी म्युनिकला स्थिरावली आणि आम्हा दोघांचं जायचं ठरलं, तेव्हा व्हिसा, विमा, गरम कपडे हे सगळं हिच्यावर सोपवून मी आधी तिथल्या पासांचा अभ्यास केला. अभ्यास जरा जास्तच झाला.

आता विश्रामबागेत आमच्या ओळखीतल्याच पाच-सहा घरांतली पोरं जर्मनीत आहेत. उन्हाळा जवळ आला की कुणीतरी जिन्यात गाठून विचारतंच, ‘काका, विमानतळावरून गावात जायला कुठला पास बरा?’ मी दोनदा गेलो, दोन वेगळे पास वापरले, एकदा तोंडावर आपटलो. माझं भांडवल तेवढंच.

विमानतळ शहराबाहेर आहे. खरं तर फ्रायजिंग या दुसऱ्याच गावाच्या कुशीत. तिथून एस-१ आणि एस-८ या दोन लोकल निघतात, दर वीस-वीस मिनिटांनी, आणि चाळीसेक मिनिटांत मुख्य स्टेशनला पोचवतात. टॅक्सीचा विचार मी केला नाही. तिचा भाव ऐकून रुपयांत गुणाकार करायची माझी सवय अजून सुटलेली नाही.

पहिल्या खेपेला माझं मन बसलं ते बायर्न तिकिटावर. नुसतं वाचूनच माणूस गार होतो. म्युनिक ज्यात येतं त्या अख्ख्या बायर्न राज्यात दिवसभर कुठंही हिंडा, लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि गावोगावच्या साध्या गाड्या, सगळं चालतं. एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत बसता येतं. पहिल्या माणसाला भाव जरा चढा, पण पुढच्या प्रत्येक डोक्याला वाढ थोडीच. वर आपली मुलं-नातवंडं चौदा वर्षांपर्यंत फुकट. सीमेपलीकडचं, ऑस्ट्रियातलं झाल्सबुर्गसुद्धा त्यात बसतं. आपल्याकडे रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच. तेव्हापासून सवलत हा शब्द दिसला की माझं बोट आपोआप तिकडं जातं. दोघांचं तिकीट मी सांगलीतूनच, घरच्या झोपाळ्यावर बसून, फोनवर काढलं. प्रवाशांची नावं तिकिटावर घालावी लागतात तीही नीट घातली. मुलीला सांगितलं, ‘तू ऑफिस बुडवू नकोस, आम्ही येतो.’

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं विमान तिकडं सकाळीच उतरतं. वार मंगळवार. पासपोर्टाचा शिक्का, बॅगा, सगळं आटोपून साडेसातला आम्ही बाहेर. पाट्यांवर हिरवा गोल आणि त्यात पांढरा ‘एस’ दिसला, म्हणून बॅगा ढकलत सरकत्या जिन्यापर्यंत गेलो. तिथं थांबून, कशी कोण जाणे बुद्धी झाली, फोनवरचं तिकीट पुन्हा उघडलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊपासून. अट पहिल्या दिवसापासून तिथंच होती. सांगलीत मी ‘दिवसभर’ एवढंच वाचलं होतं.

त्या तिकिटाचा दिवस नऊला उगवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला मावळतो. शनिवार-रविवारी आणि तिथल्या सुट्टीला मात्र रात्री बारापासूनच चालू. कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत हिंडायला निघालेल्यांची भर नको, हा हिशेब मला पटतो. पण साडेसात वाजता, अंगात आठ-नऊ तासांचा विमानप्रवास मुरलेला असताना, पटून उपयोग नसतो.

आता कुणीही शहाणा माणूस वर जाऊन दोन साधी तिकिटं काढून मोकळा झाला असता. मी नाही. एकदा काढलेलं बायर्न तिकीट परत होत नाही, बदलूनही मिळत नाही. त्याचे पैसे वाया घालवून वर दुसरे पैसे भरायचे, हे सांगलीच्या माणसाला जमत नाही. दोन टर्मिनलांच्या मधे वरून छत घातलेला मोठा चौक आहे, तिथल्या बाकावर बसलो. हिनं पिशवीतून डबा काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीचा वास सुटल्यावर शेजारचा एक तरुण वळून बघायला लागला, तेव्हा हिनं त्यालाही अर्धी दशमी देऊ केली. त्यानं हसून नको म्हटलं. खाली दर दहा मिनिटांनी कुठली ना कुठली लोकल सुटत होती आणि मी घड्याळ बघत होतो. आठ वाजून दहा मिनिटं, आठ वाजून तेवीस. घरी मुलगी फोनवर, ‘बाबा, अजून विमानतळावरच? बॅग हरवली का?’ मी म्हटलं, नाही गं, जरा बसलोय.

नऊ वाजल्यानंतरची पहिली एस-८ पकडली. घरी पोचलो, आंघोळी केल्या आणि जे झोपलो ते संध्याकाळपर्यंत. अख्ख्या राज्याचं तिकीट, झाल्सबुर्गपर्यंतचं, आणि आम्ही त्यावर विमानतळापासून म्युनिकमधल्याच पासिंगपर्यंत आलो. संध्याकाळी चहा घेताना ही एवढंच म्हणाली, ‘अहो, त्या स्वस्त तिकिटालाही पांघरूण घाला, दमलं असेल.’

तो दीड तास माझ्या डोक्यातून गेला नाही. तिकिटात खोट नाही. आजही सांगतो, आठ दिवसांनी आराम झाल्यावर नऊ-सव्वानऊला निघून गार्मिशला किंवा फ्युसेनचा किल्ला बघायला जायचं तर त्याच्यासारखा सौदा नाही. पण विमानातून उतरलेल्या माणसाला वाट बघायला लावणारा पास मला आता नको वाटतो, मग तो कितीही स्वस्त असो.

दुसऱ्या खेपेला मुलीनं सूत्रं हातात घेतली आणि दोघांची डॉइचलांड तिकिटं काढून ठेवली. त्याची थोडी पूर्वपीठिका अशी. २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडं तीन महिने नऊ युरोत महिनाभर देशभर हिंडायचं तिकीट निघालं होतं. लोक त्यावर इतके खूश झाले की १ मे २०२३ पासून कायमचं मासिक तिकीट आलं. तेव्हा ४९ युरो, २०२५ ला ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. सगळ्या शहरांतल्या लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि देशभरच्या साध्या रेल्वेगाड्या त्यात येतात. आयसीई आणि तिच्या जातीच्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या येत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर पॅसेंजरचा पास, वंदे भारतला चालायचा नाही. ज्येष्ठांना निराळी सवलत नाही. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटाची सवय लागलेल्यांनी आधीच मन घट्ट करावं.

फक्त विमानतळासाठी घेत असाल तर हे महागच पडेल. विमानतळाचं एकेरी तिकीट माणशी पंधरा युरोंच्या आतबाहेर असतं, म्हणजे नुसतं येऊन परत जायला पास कशाला? पण आपली माणसं तिकडं जातात ती दोन-तीन महिने राहायला. रोज नातवाला बागेत न्यायचं, शनिवारी भारतीय दुकानात तूरडाळ बघायला जायचं. आम्ही पहिल्या खेपेला प्रत्येक वेळी यंत्रापुढं उभं राहून झोन मोजत होतो. दुसऱ्या खेपेला मोजणं संपलं. ही तर एकटीच ट्रामनं पार शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत यायला लागली. काम काही नाही, नुसतं बघायला. पहिल्या खेपेला ती माझ्याशिवाय कोपऱ्यावरच्या बेकरीत जात नव्हती. हे कुठल्या भावपत्रकात येत नाही, पण माझं पारडं तिकडं झुकलं ते बरंचसं यामुळं.

कटकटी याच्याही आहेत. हे तिकीट सुटं मिळत नाही, वर्गणीसारखं चालू करावं लागतं आणि आपण बंद केल्याशिवाय बंद होत नाही. ज्या महिन्यानंतर नको, त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवायचं. अकराव्या दिवशी आठवलं की पुढच्या महिन्याचेही ६३ गेलेच समजा. आमच्या मुलीनं तारीख फ्रिजवर चिकटवली होती, परतीच्या विमानाच्या कागदाच्या वर. दुसरं म्हणजे ते कॅलेंडरच्या महिन्याला बांधलेलं. तुम्ही सत्तावीसला उतरलात म्हणून पास सत्तावीसपर्यंत चालेल असं नाही, एक तारखेला नवा महिना आणि नवे पैसे. आम्ही उतरलो तीन तारखेला, म्हणून छान बसलं. आणि प्रत्येकाचं वेगळं, नावावर. नाव पासपोर्टाप्रमाणेच द्या. आपल्या पासपोर्टात बायकोच्या नावापुढं नवऱ्याचंही नाव लागलेलं असतं, ते तपासनीसाला अडनाव वाटू नये एवढी काळजी घ्या. आम्हाला एकदाच तपासनीस भेटला, साध्या कपड्यातला. तिकडं फाटक नसतं, पण बिनतिकीट सापडलं की ६० युरो दंड. त्यानं हिचा पास बघितला, पासपोर्ट बघितला, मग पुन्हा पास. ओठ हलवत तिन्ही नावं मनात वाचली आणि मान डोलावून पुढं गेला.

फोनवर घ्यायचं की कार्ड? काही ठिकाणी कार्ड मिळतं, आणि आमच्या वयाच्या लोकांना मी तेच सांगेन. विमानातून उतरल्यावर फोनला रेंज नाही, चार्जिंग सात टक्के, हे नेहमीचंच. अडचण एवढीच की कार्ड पोस्टानं मुलीच्या घरी येतं आणि तुम्ही असता विमानतळावर. मुलगी दोन्ही कार्डं घेऊन समोर उभी होती म्हणून आमचं निभलं. सव्वासातला बाहेर, साडेसातच्या गाडीत. ही बसल्या बसल्या म्हणाली, ‘आज डबा उघडायचा नाही का?’

महिन्याच्या शेवटी उतरणाऱ्यांनी मात्र घाईनं डॉइचलांड तिकीट घेऊ नये. त्यांच्यासाठी विमानतळाचंच एअरपोर्ट सिटी डे तिकीट आहे. त्याला वेळेची अट नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत चालतं, शहर आणि विमानतळ दोन्ही त्यात आलं. दोघं असाल तर ग्रुपचं घ्या, पाच मोठ्या माणसांपर्यंत चालतं. दोघांची एकेरी तिकिटं आणि हे यांच्या भावात फार फरक नसतो, आणि संध्याकाळी दूध आणायला ट्रामनं गेलात तर वसूल. यंत्रातून कागदी काढलं तर शिक्का मारायचा राहिला नाही ना ते बघा. चार दिवस असं काढून एक तारखेपासून मासिक पास, हा माझ्या मते सगळ्यात शहाणा मार्ग. पहिल्या खेपेला मला कुणी सांगितला असता तर दशम्या घरी बसून खाल्ल्या असत्या.

युरेल पास घेऊन पाच-सहा देश बघणारेही विचारतात. त्यांना एकच सांगणं. आपल्या एस.टी.च्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पासाचे दिवस सलग मोजले जातात. युरेलच्या फ्लेक्सी पासात दिवस आपण निवडायचे असतात, आणि निवडलेला दिवस रात्री बाराला संपतो. म्युनिकची लोकल त्यावर चालते, मेट्रो आणि ट्राम नाही. चाळीस मिनिटांच्या लोकलसाठी त्यातला एक दिवस जाळू नका. त्याच दिवशी पुढं व्हिएन्ना किंवा बर्लिन गाठायचं असेल तर गोष्ट वेगळी.

परत येताना एक ध्यानात ठेवा, कुठलाही पास असला तरी. एस-१ वाटेत नॉयफार्नला दोन तुकडे होते. अर्धी गाडी विमानतळाला, अर्धी फ्रायजिंगला. डब्यावरची पाटी बघून बसा, नाहीतर एस-८ धरा, तिला असले नखरे नाहीत. शिवाय शहराच्या पोटातून जाणाऱ्या ज्या एका बोगद्यातून बहुतेक लोकल जातात, तो कामासाठी कधीकधी शनिवार-रविवारी बंद असतो. आदल्या दिवशी मुलांना बघायला सांगा.

हे सगळं परवा आमच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगत होतो. त्यांचं मेच्या अखेरीला मुलाकडं जायचं आहे. मी आपला दिवसाचं तिकीट, मग एक तारखेपासून कार्ड, असं रंगवून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘पण भाऊजी, त्यानं तर बायर्नचं काढलंय आमचं.’ मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात सुचलं, म्हणून विचारलं, वार कुठला?

‘शनिवार.’

आणि राहतो कुठं तो? म्युनिकमध्ये नेमका कुठं?

‘म्युनिकला म्हणजे, ऑग्सबुर्गला.’ आपण नाही का चाकणला असलेल्या पोराला पुण्याला आहे म्हणत, तसं. तिथवर विमानतळाचं दिवसाचं तिकीट पोचत नाही, आणि शनिवारी नऊची भानगड नाही. म्हटलं, वहिनी, पोरानं बरोबर काढलंय. पासिंगला गाडी बदला, तेवढं त्याला विचारून घ्या.