जुन्या पैलवानी लिफ्ट्स आणि ऑल-राउंड वेटलिफ्टिंग क्लब: बरेच महिने जाऊन झाल्यावरचा अनुभव

आधीच सांगतो, हा कुठल्या मशीनचा किंवा प्रोटीन पावडरचा रिव्ह्यू नाही. गेल्या हिवाळ्यात मी इथे अमेरिकेत, मिडवेस्टमध्ये, एका ऑल-राउंड वेटलिफ्टिंग क्लबचा मेंबर झालो, सोबत यूएसएडब्ल्यूए म्हणजे युनायटेड स्टेट्स ऑल-राउंड वेटलिफ्टिंग असोसिएशनची मेंबरशिप घेतली, आणि आता परत थंडी पडायला लागलीय तर म्हटलं लिहून टाकावं, कारण मराठीत याबद्दल मला कुठेच काही सापडलं नाही आणि ओळखीतले लोक सारखे विचारतात की शनिवारी सकाळी तू नक्की जातोस कुठे.

तर हे प्रकरण काय आहे. ऑलिम्पिकमध्ये आता दोनच लिफ्ट उरल्यात, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर). पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन. या लोकांच्या नियमपुस्तिकेत दोनशेच्या वर आहेत. एका हाताने उचलायच्या, बार पाठीमागे धरून उचलायच्या, बारच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उचलायच्या, कोपराच्या आतल्या बाजूला बार अडकवून उचलायच्या, एका बोटाने, आणि हो, दातांनी सुद्धा. ऐकायला सर्कस वाटते, पण यातल्या कितीतरी लिफ्ट एकेकाळी अगदी रीतसर स्पर्धेतल्या होत्या. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एका हाताची वेगळी स्पर्धा होती, ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट जिंकला होता. १९२४ ला पॅरिसमध्ये पाच लिफ्ट होत्या, त्यातल्या दोन एका हाताच्या. १९२८ ला त्या दोन्ही काढल्या, मग १९७२ च्या म्युनिकनंतर प्रेस, म्हणजे बार खांद्यावरून नुसत्या हातांनी वर ढकलायचा प्रकार, तो पण गेला कारण लोक कंबरेतून इतके मागे वाकायला लागले होते की पंचांना काय पास करायचं आणि काय नापास तेच ठरवता येईना. स्पर्धेतून लिफ्ट गेली की जिममधून जाते, आणि जिममधून गेली की वीस-तीस वर्षांत ती शिकवणारा माणूस राहत नाही, मग नुसते जुने फोटो राहतात.

हे होऊ नये म्हणून १९८७ मध्ये ही अमेरिकेतली संघटना आणि तिच्या वर आयएडब्ल्यूए म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑल-राउंड वेटलिफ्टिंग असोसिएशन अशा दोन्ही स्थापन झाल्या. इंग्लंड, स्कॉटलंड, ऑस्ट्रेलियातही क्लब आहेत. पण मूळ त्याच्याही आधीचं. मिसुरीतल्या कोलंबिया गावचा बिल क्लार्क, पोटापाण्यासाठी बेसबॉलचा स्काउट म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, आणि हौस म्हणून या ‘ऑड लिफ्ट’च्या, म्हणजे ऑलिम्पिकबाहेरच्या लिफ्टच्या, स्पर्धा भरवायचा, तुरुंगातल्या कैद्यांच्या सुद्धा स्पर्धा त्याने घेतल्यात. गंमत म्हणजे आज जिमात जे पॉवरलिफ्टर कॉलर ताठ करून फिरतात त्यांचा खेळ पण याच ऑड लिफ्टमधून निघालाय. स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन बसून उठणं), बेंच (बाकावर पडून बार वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलणं) या तेव्हा ऑड लिफ्टच होत्या, १९६५ ला त्यांना वेगळं राष्ट्रीय स्पर्धेचं घर मिळालं आणि बाकीच्या भावंडांना कोणी विचारलं नाही.

आता प्रत्यक्ष अनुभव. सगळ्यात आधी स्टाइनबॉर्न लिफ्टबद्दल लिहितो कारण माझा सगळ्यात जास्त वेळ हिच्यात गेलाय. स्क्वॉट आहे पण रॅक, म्हणजे बार खांद्याच्या उंचीवर टेकवून ठेवायची चौकट, नाही. भरलेला बार जमिनीवरून एका टोकावर उभा करायचा, त्याला चिकटून खाली बसायचं, मग तो आडवा करत स्वतःच्या मानेमागे खांद्यांवर घ्यायचा, तिथून उठायचं. आणि उठून झालं की संपलं नाही, परत तसाच तिरका करून खाली ठेवायचा. हेन्री उर्फ मिलो स्टाइनबॉर्न हा जर्मन माणूस पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियात नजरकैदेत होता, तिथे व्यायाम करायचा तर रॅक कुठून आणणार, कोण बार उचलून खांद्यावर देणार. पुढे तो अमेरिकेत आला आणि अशाच पद्धतीने अडीचशे किलोच्या आसपास वजन घेऊन बसून उठायचा. झर्चर लिफ्टचं पण तसंच, सेंट लुईसच्या एड झर्चरच्या नावाची, बार जमिनीवरूनच कोपरांच्या वळणात घालून उचलायचा. मला आधी या लिफ्ट म्हणजे शो वाटायचे. करायला लागल्यावर कळलं की नाही, ही त्या काळची साधी सोय होती, साधनं नव्हती म्हणून शरीराने काढलेली वाट. रॅक स्वस्त झाला आणि ती वाट बंद पडली.

स्टाइनबॉर्नमध्ये अवघड भाग स्क्वॉटचा नाहीच. बार आडवा होताना एक क्षण येतो, अर्धं वजन अजून जमिनीवर असतं आणि अर्धं तुमच्या एका खांद्यावर, आणि तुम्ही खोल बसलेले, एका बाजूला कलंडलेले. तिथे खालचं टोक जरा जरी सरकलं तरी सगळं गेलं. म्हणून आमच्या क्लबात त्या जागेवर रबराचा जाड तुकडा टाकलेला असतो आणि त्याला वर्षानुवर्षांच्या बारने पडलेला खळगा आहे. सुरुवातीला मी रिकाम्या बारने, मग दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेट लावून करायचो, तरी रात्री बरगड्यांच्या बाजूचे असे स्नायू दुखायचे की जे आहेत हेच मला माहीत नव्हतं. मी आधी बरीच वर्षं साधा स्क्वॉट करत होतो, बऱ्यापैकी वजनाने, त्याचा इथे उपयोग झाला पण वाटला होता त्याच्या निम्मा.

बेंट प्रेस मात्र अजून आलेला नाही, म्हणजे २५ किलोपर्यंत येतो पण त्याला आला म्हणत नाहीत. यात वजन वर ढकलायचंच नसतं. बार एका हाताने खांद्याशी घ्यायचा, कोपर बाजूच्या स्नायूंवर टेकवायचं, नजर बारवर ठेवायची आणि स्वतः हळूहळू वाकत त्याच्या खालून निसटायचं, म्हणजे बार हवेत आहे तिथेच राहतो आणि हात आपोआप सरळ होतो. मग वाकलेल्या अवस्थेतून उभं राहायचं. आर्थर सॅक्सन नावाच्या जर्मन पैलवानाने १९०५ च्या सुमारास अशा पद्धतीने १६८ किलो एका हातावर घेतलेत आणि त्याचं स्वतःचं वजन शंभर किलोच्या आत होतं. हा आकडा वाचताना काही वाटत नाही, पंचवीस किलो हातावर घेऊन गुडघ्याशी वाकलेले असताना आठवला की वाटतं. आमच्याकडे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत, ते बाजूला उभे राहून फक्त माझ्या मोकळ्या हाताच्या कोपराला बोट लावतात, तो मांडीवर कधी टेकवायचा ते सांगायला. व्हिडिओ मी भरपूर पाहिले होते, सगळे बारकडे बघा म्हणतात, मोकळ्या हाताचं कोणी बोलत नाही. त्या एका बोटासाठी मेंबरशिपची फी वसूल आहे असं माझं मत आहे. फी तशीही फार नाही, वर्षाची फी इथल्या बऱ्या जिमच्या महिन्याभरापेक्षा कमी पडते.

नियमांबद्दल. सुरुवातीला वैताग येतो. प्रत्येक लिफ्टला पाय किती हलले तर चालतील, गुडघे लॉक हवेत का, टाच उचलली तर काय, पंचाने ‘डाउन’ म्हणायच्या आत बार खाली आला तर नापास. सपोर्ट सूट (अंगाला आधार देणारा घट्ट पोशाख), नी रॅप (गुडघ्याच्या पट्ट्या) काही चालत नाही, बेल्ट चालतो पण त्याची पण रुंदी ठरलेली. मध्ये एक तरुण पॉवरलिफ्टर पोरगा पाहुणा म्हणून आला होता, दांडगा, त्याने पहिल्याच दिवशी स्टाइनबॉर्नमध्ये माझ्या दुपटीच्या जवळ वजन घेतलं, उठला पण मस्त, आणि मग बार पाठीवरून सरळ मागे टाकून दिला. धाडकन. पंच म्हणाले नो लिफ्ट. पोराचा चेहरा बघण्यासारखा होता. मला तेव्हा ते फार कडक वाटलं, पण विचार केला तर बरोबर आहे, ठेवायची पद्धत सोडली की चार वर्षांत ती रॅकशिवायचा स्क्वॉट होऊन जाईल आणि मग ती लिफ्ट राहणारच नाही. शिवाय जुन्या काळी स्टेजवरचे शक्तिवीर वजनाच्या बाबतीत कशी थापेबाजी करायचे हे वाचलं असेल तर काट्यावर वजन करून बघणारा हौशी क्लब का लागतो ते कळतं.

स्पर्धांचा प्रकार मला आवडला. पाच-पाच किलोचे वजनगट, वयाचे गट वेगळे, आणि सगळ्यांची एकत्र तुलना करायला शरीराच्या वजनाचा एक फॉर्म्युला लावतात, वर चाळिशीपासून दर वर्षाला एक टक्का वाढवून देतात, म्हातारपणी त्याहून जास्त. त्यामुळे आमचे आजोबा कागदावर मला दर वेळी सहज पाणी पाजतात. पोस्टल मीट पण असतात, म्हणजे आपल्याच जिममध्ये मान्यताप्राप्त पंचासमोर लिफ्ट करायच्या आणि निकाल पाठवून द्यायचा, लोक इतके विखुरलेले आहेत की त्याशिवाय चालणारच नाही. आणि राष्ट्रीय स्पर्धेला ड्रग टेस्ट असते ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट.

रेकॉर्डच्या बाबतीत मात्र खरं बोलायला हवं. दोनशेहून जास्त लिफ्ट, गुणिले वजनगट, गुणिले वयोगट, म्हणजे अर्धा तक्ता रिकामाच असणार. माझ्या नावावर एक रेकॉर्ड आहे, हॅक लिफ्टचा एका हाताचा प्रकार, म्हणजे बार ढुंगणामागून उचलायचा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, वर्गात एकटाच होतास आणि पहिला आलास. यावर उत्तर नाही. काही लोक फक्त रिकामे रकाने शोधत फिरतात आणि रेकॉर्डची माळ लावतात, मला ते फारसं पटत नाही, पण त्यातूनच एखादी पन्नास वर्षं कोणी न केलेली लिफ्ट नियमपुस्तिकेतून बाहेर येऊन प्लॅटफॉर्मवर होते हेही खरं, आणि एकदा कोणी केली की दुसऱ्याला मोडायची खाज सुटते.

तक्रारी बऱ्याच आहेत. क्लब म्हणजे एका मेंबरच्या घरामागची शेड, हीटर नावाला, जानेवारीत बार हाताला चिकटतो. घरापासून लांब, येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. तरुण मंडळी जवळपास नाहीत, आणि हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. ट्रेनिंगचं वेळापत्रक कसं बसवायचं हे अजून नीट उमगलेलं नाही, कारण दर मीटला लिफ्ट बदलतात, एकीची तयारी होईपर्यंत दुसरीच यादी येते. झर्चरने कोपराच्या आत काळेनिळे डाग पडतात, उन्हाळ्यात हाफ शर्ट घालून ऑफिसला गेलो तर एचआरवाल्या बाईंनी हळूच विचारलं सगळं ठीक आहे ना. जाड हँडलचं एक डंबेल मी ऑनलाइन मागवलं, थॉमस इंच या जुन्या ब्रिटिश शक्तिवीराच्या त्या प्रसिद्ध ७८ किलोच्या डंबेलचा हलका भाऊ म्हणून, तर हँडलला असा गुळगुळीत रंग दिला होता की पकड बसेना, शेवटी पॉलिश पेपरने घासून काढला. मूळ इंच डंबेलची मेख तीच आहे, हँडल सहा सेंटिमीटर जाड आणि अखंड ओतलेलं, त्यामुळे उचलताना ते हातात फिरतं आणि बोटं उघडतात. ताकदवान माणसं तिथे हात टेकतात.

आपल्याकडचं सारखं मनात येतं. लहानपणी मी ज्या तालमीत जायचो तिथे कोपऱ्यात उचलायची दगडी नाल पडलेली होती, फिरवायच्या जड करेल होत्या, पण नाल कशी धरायची, कुठपर्यंत आणली की उचलली म्हणायचं, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, आम्ही तिच्यावर बसून लंगोट सुकवायचो. असं नाही की लिहिलं गेलं नाही. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी १९३६ पासून मराठीत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, आमच्या शेडमधल्या लोकांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे विस्फारले, एवढं काम त्यांच्याकडे पण कोणी केलेलं नाही. पण खंड कपाटात राहिले आणि नाल कोपऱ्यात. मधे जी गोष्ट लागते ती म्हणजे दरवर्षी ठरलेल्या दिवशी चार माणसं, एक पंच आणि एक वजनकाटा. गावच्या जत्रेत कुस्तीचा फड लागतोच, तिथे नाल उचलायचे दोन लिखित नियम आणि एक फळा ठेवला तर खर्च काही नाही. मी आमच्या गावच्या मंडळाला फोनवर हे सुचवून बघितलं, ते म्हणाले बक्षीस कोण देणार. देतो म्हटलं, आता बघू.

कोणी घ्यावं हे? चाळिशी आलेली, जिमचा कंटाळा आलेली, स्पर्धेची खाज असलेली पण पॉवरलिफ्टिंगचे आकडे बघून दबलेली माणसं, त्यांना डोळे झाकून सांगेन. फक्त बॉडी बनवायची असेल तर नको, इथे आरसाच नाही. भारतात असाल तर नियमपुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, हॅक लिफ्ट आणि जेफरसनपासून (तीच, बारच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून उचलायची) सुरू करा, साधा बार पुरतो आणि हातातून सोडला तरी फार तर जमिनीवर पडतो. स्टाइनबॉर्न आणि बेंट प्रेस मात्र बाजूला माणूस असल्याशिवाय नको. दातांच्या लिफ्टबद्दल मला विचारू नका, आमच्यात एक जण करतो, पण इकडे डेंटिस्टचं बिल किती येतं ते मला माहितीय.