कूपन दुकानाचं की कंपनीचं? सेल्स टॅक्सचा हिशेब

भारतातून अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला पहिला धक्का काउंटरवर बसतो. आपल्याला एमआरपीत कर धरलेला असायची सवय, आणि इथे फळीवरच्या किमतीवर सेल्स टॅक्स वेगळा लागतो. कूपन वापरलं की दुसरा धक्का: २० डॉलर कमी झाले, पण टॅक्स मात्र पुऱ्या १०० डॉलरवर. दुकानदाराने गंडवलं असं वाटतं. बहुतेक वेळा त्याचं बिल बरोबरच असतं.

सगळी मेख कूपनचे पैसे कोण सोसतं यात आहे. दुकानाने स्वतःचं कूपन काढलं तर त्याच्या हातात ८० डॉलरच पडतात, म्हणून विक्रीची किंमत ८०. कूपन माल बनवणाऱ्या कंपनीचं असेल तर दुकानदार ८० तुमच्याकडून घेतो आणि उरलेले २० कंपनीकडून वसूल करतो. त्याच्या दृष्टीने विक्री १०० चीच झाली, आणि बरीचशी राज्यं टॅक्स त्या १०० वर लावतात.

न्यू जर्सीत दर ६.६२५ टक्के. १०० डॉलरचा मिक्सर दुकानाच्या २० डॉलरच्या कूपनवर घेतला तर ८५.३० ला पडतो. कंपनीच्या कूपनवर ८६.६३. म्हणजे जर्सीत दुकानाचं २० चं कूपन हे कंपनीच्या साधारण २१.३३ च्या कूपनच्या तोडीचं. कंपनीचं कूपन २५ चं असेल तर डोळे झाकून तेच घ्या; फरक आहे तो टॅक्सपुरता. दोन्ही एकाच वस्तूवर चालत असतील (बऱ्याच दुकानांत चालतात) तर निवडायचा प्रश्नच येत नाही. कंपनीकडून पोस्टाने मागून मिळणारा २० चा रिबेट, म्हणजे खरेदीनंतरचा परतावा, मात्र सगळ्यात कंटाळवाणा: आज १०६.६३ भरायचे, फॉर्म भरायचा आणि चेकची वाट बघायची. शेवटी पडतं तेवढंच, ८६.६३. मी तरी त्याच्या वाटेला जात नाही.

डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलात की हा भेदच संपतो. तिथे दुकानाचं असो वा कंपनीचं, कूपन वजा करूनच टॅक्स धरतात. अट एवढीच की पावतीवर वस्तू आणि कूपन दोन्हींचा उल्लेख हवा. दर ६ टक्के, त्यामुळे तोच मिक्सर कुठल्याही कूपनवर ८४.८० ला. पण फिलाडेल्फिया शहरात दर ८ टक्के आहे आणि तिथे तो ८६.४० ला जातो. टेक्सासमध्येही दोन्ही कूपनं वजा होतात. कॅलिफोर्नियात जर्सीसारखंच: कंपनीचं कूपन असेल तर टॅक्स पूर्ण किमतीवर.

खरी गंमत न्यूयॉर्क शहरात, आणि तीही कपड्यांत. तिथे ११० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यावर टॅक्स शून्य. ११० किंवा जास्त झाला की पुऱ्या किमतीवर ८.८७५ टक्के. समजा जॅकेट १२० चं आहे आणि हातात १५ डॉलरचं कूपन. ते दुकानाचं असेल तर किंमत १०५ धरली जाते, टॅक्स नाही, द्यायचे १०५. जॅकेट बनवणाऱ्या कंपनीचं असेल तर कायद्याच्या लेखी किंमत १२० च राहते, १०.६५ टॅक्स लागतो, द्यायचे ११५.६५. कूपन १५ चंच, फरक दहा डॉलरच्या वर. अर्थात जर्सीत नेहमीच्या कपड्यांवर टॅक्सच नाही, म्हणून तिथे राहणाऱ्याने जॅकेटसाठी मॅनहॅटन गाठायची गरज नाही.

किराण्यात हा हिशेब करत बसू नका. डाळ, तांदूळ, दूध, भाजी यांवर न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क या तिन्ही राज्यांत मुळातच टॅक्स नाही. शाम्पू आणि डिटर्जंटवर आहे. आणि कंपन्यांची कूपनं नेमकी अशाच वस्तूंवर जास्त निघतात.

कूपन कुणाचं ते ओळखायचं कसं? कागदी कूपनवर सहसा वरतीच ‘मॅन्युफॅक्चरर कूपन’ असं छापलेलं असतं, आणि तळाच्या बारीक अक्षरांत सेल्स टॅक्स ग्राहकाने भरायचा, अशी ओळ. दुकानाच्या ॲपमध्ये फसायला होतं. ॲप दुकानाचं म्हणून कूपनही दुकानाचं, असं नसतं. त्यातली पुष्कळशी कंपन्यांचीच असतात. कूपनवर टिचकी मारून तपशील उघडा, तिथे लिहिलेलं सापडतं. दुकानाने कंपनीचं १ डॉलरचं कूपन आपल्या पदरचा १ डॉलर घालून दुप्पट केलं, तर जर्सीत दुकानाचा तेवढा डॉलर टॅक्समधून सुटतो, कंपनीचा नाही.

गिफ्ट कार्डाला मात्र कूपन समजू नका. ते आधीच भरलेले पैसे आहेत. कार्ड घेताना टॅक्स लागत नाही, पण त्यावर वस्तू घेताना पूर्ण किमतीवर लागतो. म्हणून १०० चं कार्ड घेऊन १०० चाच मिक्सर आणायला गेलात, तर जर्सीत वरचे ६.६३ खिशातून काढायची तयारी ठेवा.