हमिंगबर्डचे फोटो: मल्टी-फ्लॅशवर की आहे त्या उजेडात?

क्लाउड फॉरेस्टची, म्हणजे डोंगरउतारावरच्या ढगाळ जंगलाची, सहल ठरली की फोटो काढणाऱ्यापुढे हा प्रश्न हमखास येतो. इक्वाडोरमध्ये मिंडो आणि तांदायापाचा उतार असो की कोस्टा रिकातलं साव्हेग्रेचं खोरं, हमिंगबर्डसाठी मल्टी-फ्लॅशची, म्हणजे एकाच वेळी पेटणाऱ्या अनेक फ्लॅशची, मांडणी काही लॉजवर तयार असते, काही ठिकाणी गाइड ती घेऊन येतो. तिच्यापुढे अर्धा दिवस बसायचं, की तोच अर्धा दिवस साखरपाण्याच्या फीडरभोवतीच्या फांद्यांवर नैसर्गिक उजेडात घालवायचा? दोन्हींची तयारी वेगळी आणि सामानही वेगळं, म्हणून निघण्याआधीच ठरवलेलं बरं. मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि आता बहुतेक वेळा नैसर्गिक उजेडाच्या बाजूला असतो. तरी फ्लॅशची बाजू कमअस्सल आहे असं मी म्हणणार नाही. काही फोटो तिच्याशिवाय होतच नाहीत.

आधी फ्लॅशबद्दल. मल्टी-फ्लॅशमध्ये पंख थांबवतो तो फ्लॅशचा झोत, शटर नव्हे. चांगला स्पीडलाइट (कॅमेऱ्याचा सुटा छोटा फ्लॅश) पूर्ण ताकदीवर सेकंदाचा सुमारे 1/900 भाग पेटतो, 1/16 ताकदीवर सुमारे 1/10000 आणि 1/32 वर सुमारे 1/20000. ताकद कमी केली की झोत आखूड होतो. म्हणून एक मोठा दिवा लावण्याऐवजी चार ते सहा छोटे फ्लॅश 1/16 किंवा 1/32 वर ठेवून पक्ष्यापासून 45 ते 60 सेंटीमीटरवर लावतात. दोन समोरून, लेन्सच्या जरा वर आणि दोन्ही बाजूंना. एक खालून पोटासाठी, एक मागून पंखांच्या कडेसाठी, उरलेले पक्ष्यामागे पार्श्वभूमी म्हणून ठेवलेल्या बोर्डवर. कॅमेरा मॅन्युअलवर: शटर 1/200, लेन्सचं छिद्र एफ/14 ते एफ/16 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता 200 ते 400.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहिली हाय-स्पीड सिंकची, म्हणजे फ्लॅशला वेगवान शटरशी जुळवणाऱ्या मोडची. शटर वेगवान ठेवला तर अजून चांगलं, असं वाटून ते चालू केलं जातं. पण त्या मोडमध्ये फ्लॅश एकदाच न पेटता शटरची फट सेन्सरवरून सरकेपर्यंत लुकलुकत राहतो आणि आखूड झोताचा सगळा फायदा जातो. दुसरी चूक इलेक्ट्रॉनिक शटरची. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही आणि फ्लॅशला इशारा देणारा ट्रिगर बिघडला समजून लोक तो बदलत बसतात. तिसरी सगळ्यात जास्त छळते: आजूबाजूचा उजेड. सगळे फ्लॅश बंद करून एक फोटो काढायचा. तो काळाकुट्ट यायला हवा. त्यात पक्षी पुसटसाही दिसत असेल, तर खऱ्या फोटोत पंखांभोवती भुतासारखी दुसरी कड उमटणार. आजूबाजूचा उजेड फ्लॅशच्या उजेडाहून किमान 4 स्टॉप कमी लागतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ढग हटून आभाळ उघडलं की हे गणित लगेच कोलमडतं, म्हणून मांडणीवर ताडपत्री किंवा छप्पर असलेली जागाच निवडावी.

बाकी काम फीडरचं. त्याची सगळी भोकं टेपने बंद करून एकच उघडं ठेवतात, किंवा फुलात सिरिंजने साखरपाणी सोडतात: चार भाग पाण्याला एक भाग साधी पांढरी साखर, रंग नाही, मध नाही. पक्षी पितो, किंचित मागे सरकून हवेत थांबतो आणि पुन्हा पुढे येतो. बटण दाबायचं ते मागे सरकल्यावर. फोकस तिथेच बांधून ठेवलेला असतो. हात बसला की पीस न् पीस मोजता येईल असे फोटो मिळतात. हे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने इतक्या खात्रीने मिळत नाही.

शिवाय धारदार भागाची खोली जास्त मिळते. 500 एमएमच्या लेन्सवर, 3 मीटर अंतरावरून, फुल फ्रेम सेन्सरवर एफ/5.6 ला जेमतेम 1 सेंटीमीटरचा पट्टा धारदार असतो. एफ/16 ला तो तीन सेंटीमीटरच्या आसपास जातो. बूटेड रॅकेट-टेल या हमिंगबर्डचा डोळा आणि शेपटीच्या टोकाच्या दोन्ही चकत्या एकाच फ्रेममध्ये धारदार हव्या असतील, तर हा फरक फार मोठा आहे. स्वोर्ड-बिल्ड हमिंगबर्डचंही तसंच. त्याची चोच शेपटी सोडून उरलेल्या अंगापेक्षा लांब, आणि तो थोडा जरी तिरका झाला तरी उघड्या छिद्रावर डोळा नाहीतर चोचीचं टोक, दोहोंपैकी एकच हाती लागतं. या दोन पक्ष्यांसाठीच जाणार असाल, तर निदान एक बैठक फ्लॅशची घ्या असं मीही सांगेन.

आता नैसर्गिक उजेड. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहाच्या सुमारास उजाडतं. बहुतेक उतारांवर सकाळ मोकळी असते आणि दुपारकडे ढग चढतो. सकाळी साडेसहा ते अकरा हा खरा कामाचा वेळ. उडत्या पक्ष्याला 1/2500 ते 1/4000 शटर हवा. पातळ ढगात एफ/5.6 ला त्यासाठी आयएसओ 6400 पर्यंत जावं लागतं, दाट ढगात 12800. हे आकडे पाहून पूर्वी माणूस फ्लॅशकडे वळायचा. हल्लीचे सेन्सर आणि नॉइज (फोटोतले दाणे) काढणारी सॉफ्टवेअर पाहता 6400 ला बिचकण्याचं कारण मला तरी दिसत नाही. अट एवढीच की एक्स्पोजर आधीच नीट हवं. ढगाच्या पांढऱ्या पाटावर कॅमेऱ्याचा मीटर पक्ष्याला काळा करतो. तिथे एक ते दीड स्टॉप वर जा. अंधारा फोटो नंतर उजळला की सगळी घाण वर येते.

1/4000 लाही पंखाचं टोक पुसट राहतं, हे मान्य करून चालावं. पण पंख फेरीच्या दोन टोकांना दिशा बदलताना क्षणभर मंदावतो आणि लागोपाठ काढलेल्या फ्रेममध्ये ते क्षण सापडतात. इथे एक काळजी घ्या: सेन्सर हळू वाचणाऱ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरवर पंख वाकडे, रबरासारखे ताणलेले येतात. सेन्सर स्टॅक्ड, म्हणजे झटकन वाचणाऱ्या प्रकारचा नसेल तर मेकॅनिकल शटरच बरा.

सगळेच फोटो पंख थांबवून काढायचे नसतात, हाही नैसर्गिक उजेडाचा फायदा. 1/800 ला डोकं धारदार आणि पंखांचा फक्त पंखा दिसतो. माझ्या डोळ्याला तो हमिंगबर्ड जास्त जिवंत वाटतो. ढग फुटून सूर्य पक्ष्यामागे आला तर पिसांच्या बारीक फटींतून उजेड फाकतो आणि पंखात इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. अंधारलेल्या मांडणीत हे होण्यासारखंच नाही.

बसलेल्या पक्ष्याचा हिशेब तर फारच सोपा आहे. हमिंगबर्ड आपापल्या हद्दीला चिकटून असतात. फीडरपासून तीन-चार मीटरवरची एखादी शेवाळलेली काडी ते पहारा करायला धरतात आणि हुसकून लावलं तरी तिथेच परततात. पाच-दहा मिनिटं फोटो न काढता नुसतं पाहिलं की ती काडी कळते. मागे मोकळी दरी किंवा दूरची झाडं येतील अशा बाजूला ट्रायपॉड लावायचा, काडीवर फोकस बांधायचा आणि शटर 1/200 पर्यंत खाली आणायचा. आयएसओ 800 वर उतरतो.

गळ्याच्या रंगाबद्दल दोन्हीकडे फसगत होते. हा रंग रंगद्रव्यातून थेट येत नाही. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या उजेडातून तो तयार होतो, म्हणून एका कोनातून निखारा आणि दुसऱ्या कोनातून काळा डाग. फ्लॅश लेन्सजवळ असेल तर गळा पेटतो. तो बाजूला लावला तर अर्धा गळा पेटलेला आणि अर्धा विझलेला, मधे कातरल्यासारखी रेघ. ढगाळ आभाळ हा सगळीकडून येणारा दिवा, त्यामुळे रंग जरा मंद पण सलग दिसतो. पक्षी मान वळवत असताना सलग फ्रेम काढत राहिलं की त्यातली एखादी पूर्ण उजळलेली मिळते.

आणि आता तो बोर्ड. माझा तराजू त्याने झुकवला. फ्लॅशचा उजेड मागच्या जंगलापर्यंत पोचत नाही, म्हणून पाठीमागे काही ठेवलं नाही तर रात्रीसारखा काळा पडदा येतो. त्यासाठी पक्ष्यामागे एक-दीड मीटरवर हिरव्या-तपकिरी धूसर चित्राचा छापील बोर्ड उभा करतात. कल्पना चांगली आहे, पण क्लाउड फॉरेस्टमध्ये हवाच ओली असते. कागदी छपाई काही तासांत फुगते आणि तिच्यावरच्या लाटा फ्लॅशच्या तिरक्या उजेडात सावल्यांसारख्या उमटतात. प्लॅस्टिकचं आवरण केलं तर त्यावर दवाचे थेंब जमतात आणि प्रत्येक थेंब फोटोत पांढरा ठिपका होतो. पुसलं की ओल्या पृष्ठभागावर चकाकीचा पट्टा. चकाकी टाळायला फ्लॅश हलवला की बोर्डचा एक कोपरा अंधारतो. बोर्ड जवळ घेतला तर त्यावर पक्ष्याची सावली पडते, लांब नेला तर मोठा बोर्ड लागतो आणि वारा त्याला हलवतो. खरखरीत, मळकट रंगाचं कापड त्यातल्या त्यात बरं, पण भिजलं की तेही गडद होतं आणि एक्स्पोजर पुन्हा लावावं लागतं.

एवढं करून हाती येतं ते सगळ्यांसारखंच चित्र. त्या मांडणीपुढे बसलेल्या प्रत्येकाच्या फोटोत तीच धूसर हिरवळ, तेच फूल, तोच कोन. ज्या ढगासाठी त्या जंगलाचं नाव पडलं, तो त्यात कुठेच नसतो. उलट तो मांडणीत शिरला तर काम थांबवावं लागतं, कारण हवेतले कण फ्लॅशने उजळून फोटोवर दुधाळ पडदा आणि ठिपके येतात. काही मीटरवर मात्र तोच पातळ ढग बसलेल्या पक्ष्यामागे अशी मऊ राखाडी पार्श्वभूमी धरून असतो, जी कुठल्याही छपाईत येणार नाही. हा विरोध मला दर वेळी खटकतो. कदाचित पिसांचा तपशील हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, त्याला तो खटकणारही नाही.

सामानाचंही जमेस धरा. पाच फ्लॅश म्हणजे वीस एए सेल, तेवढेच जादा, वर स्टँड, क्लॅम्प, ट्रिगर. मांडणी लॉजची असली तर हे ओझं नाही, पण तुमचा ट्रिगर त्यांच्या फ्लॅशशी जुळतो का, हे आधी विचारून घ्या. आणि एक गोष्ट लोक बोलत नाहीत. पक्षी एकाच भोकावर यावेत म्हणून आसपासचे बाकी फीडर उतरवले जातात. थंड उतारांवर अंगाचं तापमान उतरवून, जवळजवळ निपचित होऊन रात्र काढलेल्या पक्ष्यांना पहाटेचं आणि संध्याकाळचं खाणं फार गरजेचं असतं. त्या दोन वेळांना फीडर हटवणाऱ्या गाइडला स्पष्ट नाही म्हणावं.

कोणी काय घ्यावं, याबद्दल माझं मत असं. आयुष्यात एकदाच जाणार असाल, उडत्या पक्ष्याचा पंख थांबवलेला एक फोटो हवाच असेल आणि लेन्स एफ/6.3 च्या पुढे उघडत नसेल, तर फ्लॅशची एक बैठक घ्या. पहिल्या तासात हवा तो फोटो मिळून जातो. पुढचे तास बहुधा त्याच फोटोच्या आवृत्त्या असतात. एकाहून जास्त दिवस मुक्काम असेल, टॅनेजर आणि टूकॅनेट असे दुसरे पक्षीही हवे असतील, तर सकाळी त्या खुर्चीला बांधून घेऊ नका. फळांच्या फळीवर ते येतात तेव्हा तुमचा कॅमेरा 1/200 आणि एफ/16 वर अडकलेला असतो.

फ्लॅशची बैठक घ्याल तेव्हा दुपारी दोननंतरची मागा, ढगाने बाहेरचा उजेड तसाही गेलेला असतो आणि छपराखाली काळा फोटो सहज मिळतो. बोर्डऐवजी दीड-दोन मीटर मागे कुंड्यांतले खरे नेचे ठेवून त्यांच्यावर एक स्वतंत्र फ्लॅश टाकता येईल का, हेही विचारा. नेच्यांवर थेंब असले तरी ते पानांवरचेच वाटतात. त्या फ्लॅशची ताकद 1/32 पासून सुरू करा आणि पाठीमागचा भाग पक्ष्यापेक्षा एक स्टॉप अंधारा राहील एवढीच वाढवा.