शुगर-बीपीसाठी लहान हॉस्पिटल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

कोल्हापुरातल्या एका पंधरा-वीस खाटांच्या हॉस्पिटलात घरच्या वयस्करांची शुगर आणि बीपी बरेच महिने दाखवतोय. मेडिसिनचे डॉक्टर एकच, त्यामुळे फाईल पहिल्यापासून सांगत बसावी लागत नाही.

इथं बीपी मन लावून मोजतात. पाच मिनिटं पाठ टेकून बसवतात, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, बाही वर सारून. मिनिटभरानं पुन्हा मोजतात. दंड जाड असेल तर मोठा पट्टा काढतात. लहान पट्ट्यात आकडा खोटा वाढतो आणि विनाकारण गोळी वाढते. मग उभं करूनही मोजतात. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

जेवणानंतरची शुगर पहिल्या घासापासून दोन तासांनी. बरेच जण हात धुतल्यापासून मोजतात, तिथंच रिपोर्ट चुकतो. त्या दिवशी जेवणही रोजचंच हवं, मुद्दाम अर्धी भाकरी खाऊन जाऊ नये. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी करताना हिमोग्लोबिनही बघतात, कारण रक्त कमी असलं की तो आकडा फसवतो.

सगळ्यात मोलाचं काम इन्सुलिनच्या सिस्टर करतात. आपल्याकडं बाटली बहुधा 40 युनिटची, म्हणजे दर मिलीलिटरला 40 युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज. दुकानातून केशरी टोपणाची, दर मिलीलिटरला 100 युनिटच्या इन्सुलिनसाठीची आली आणि 20 च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात फक्त 8 युनिट जातात. शुगर का उतरत नाही म्हणून मग डोस वाढतो, आणि पुढं बरोबर सिरिंज मिळाली की एकदम शुगर कोसळते. म्हणून सिस्टर बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे वाचायला लावतात.

गोळ्यांची सगळी पिशवी आणायला सांगतात, गुडघ्यासाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळीसकट. तिनं बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो.

उणिवा आहेत. डोळ्याचा पडदा बाहेर तपासावा लागतो, डॉक्टर गावाला गेले की बदली कोण ते आधी कळत नाही. छातीत दुखलं तर ईसीजी होतो, अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडणं, होत नाही. अशा वेळी 108 ला फोन करून थेट कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची खोली) असलेलं हॉस्पिटल गाठावं. नवरात्रात अंबाबाई मंदिराजवळच्या महाद्वार परिसरात गाडी अडकते, तिकडच्यांनी दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवावा.